पोर्शे की फेरारी: घेण्याचं सोडा, सांभाळायला कोणती?

मागचं_इंजिन:
मित्राशी भांडण झालंय, निकाल इथे लावून हवाय. तो म्हणतो, पैसे असताना पोर्शे घेणं म्हणजे हापूस परवडत असताना पायरी आणणं. (रसाला पायरीच लागते, हे सांगून झालंय.)

मी स्टुटगार्टजवळ राहतो, पोर्शेच्या कारखान्यापासून अर्ध्या तासावर. आठ वर्षं पोर्शेची ९११ वापरतोय, २००९ चं मॉडेल. तेव्हा माझा पक्ष उघड आहे. इंजिन मागे असल्याने डिकी पुढे. तिच्यातून बटाट्याचं पोतं आणलंय. मागच्या दोन सीट नावापुरत्या, पण लेक सात वर्षांची होईपर्यंत तिथेच बसायची. वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटर होतात आणि आकडा वाढला म्हणून छातीत धस्स होत नाही.

मित्राच्या फेरारीला सीझनची नंबरप्लेट आहे. पाटीच्या उजव्या कडेला वर ०४, खाली १०. म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर. उरलेले पाच महिने चालवणं सोडाच, सार्वजनिक रस्त्याच्या कडेला उभीसुद्धा करायची नाही. विमा आणि कर तेवढा वाचतो, हे खरं. पण आपलाच चातुर्मास बरा की, चार महिन्यांत आटपतो! जी गाडी थंडीत बाहेर काढता येत नाही ती तुमची नसते, तुम्ही तिचे असता.

वरातीचा_घोडा:
अहो, बोधचिन्हात घोडा दोन्हीकडे आहे. तुमचा टांग्याचा, आमचा वरातीतला. वरातीच्या घोड्याने बटाटे आणावेत ही अपेक्षाच चूक.

आणि त्या ०४-१० च्या पाट्या ९११ वर नसतात? गेल्या उन्हाळ्यात जर्मनीत आलो होतो, ढिगाने पाहिल्या.

माझी २००३ ची फेरारी ३६० मोडेना, मॅन्युअल. न्यू जर्सीत असतो. गिअरची दांडी उघड्या धातूच्या खाचांतून फिरते, प्रत्येक गिअरला 'खट्' असा आवाज. सकाळी पहिली दहा मिनिटं इंजिन तापेपर्यंत हळूच न्यायची, आणि मग साडेआठ हजार आरपीएमपर्यंत मोकळं सोडायचं. पंपावर पोरं विचारतात, "अंकल, एकदा रेझ करा ना." तुमच्या ९११ कडे कोण वळून बघतं?

खर्चाची भीती लोक जुन्या गोष्टी ऐकून घेतात. ३६० च्या आधीच्या ३५५ ला टायमिंग बेल्ट बदलायचा तर इंजिन अख्खं खाली उतरवावं लागायचं. ३६० ला सीटमागची झाकणं काढली की हात पोचतो. ३६० नंतरच्या एफ४३० पासून चेन आली, बेल्टचा विषयच संपला. २०११ पासून तर नव्या गाडीला सात वर्षं ठरलेली सर्व्हिस कंपनीच करून देते, गाडी विकली तरी पुढच्या मालकाला लागू. पोर्शेवाले देतात का असं?

पाना_पक्कड:
दोघेही सोयीचं तेवढंच सांगताय.

'पोर्शे म्हणजे बिनघोर' ऐकून लोक स्वस्तात ९९६ घेतात. १९९७ साली आलेली, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची पहिली ९११. तिच्या इंजिनात कॅमशाफ्टकडे जोर पोचवणारा एक मधला शाफ्ट आहे, त्याचं बेअरिंग गेलं की इंजिन भंगारात. साध्या ९११ वर, म्हणजे कॅरेरांवर, २००८ पर्यंत कमीअधिक प्रमाणात ही टांगती तलवार होती. ९११ च्याच जोरदार आवृत्त्या टर्बो आणि जीटी३ वाचल्या, कारण त्यांचं इंजिन वेगळ्या घराण्यातलं. शहाणे लोक क्लच बदलताना गिअरबॉक्स उतरलेलाच असतो, तेव्हा हेही उरकून घेतात.

आगीचं म्हणाल, तर फिटंफाट. २०१० मध्ये फेरारी ४५८ चाकाच्या कमानीतल्या गोंदापायी पेटत होत्या. २०१४ मध्ये पोर्शेने जीटी३ च्या ७८५ गाड्या थांबवल्या, इंजिनातल्या कनेक्टिंग रॉडचे बोल्ट ढिले होऊन गाड्या पेटल्या होत्या, आणि सगळ्यांची इंजिनं बदलून दिली.

ब्रँड नका बघू, बिलांची फाइल बघा. मी एका ओळखीच्यांसाठी जुनी गाडी बघायला गेलो होतो. मालक रंगाबद्दल वीस मिनिटं बोलला, शेवटच्या सर्व्हिसची तारीख त्याला आठवेना. तिथूनच परत फिरलो.

मागचं_इंजिन:
@पाना_पक्कड, मान्य. म्हणूनच मुद्दाम २००९ हुडकली. त्या वर्षीपासून इंजिन नवं, ते बेअरिंगच नाही.

@वरातीचा_घोडा, वळून कोणी बघत नाही हाच तर फायदा. सुपरमार्केटबाहेर लावून निवांत आत जातो. सात वर्षांच्या सर्व्हिसमध्ये टायर आणि ब्रेक पॅड येत नाहीत, तेही सांगा की.

शिंगं_मोडकी:
बैलवाल्यांना कोणी विचारतच नाही. माझी लॅम्बोर्गिनी गायार्दो आहे, ई-गिअरची, म्हणजे क्लचचं पेडल नसलेली. १९९८ पासून लॅम्बोर्गिनी ऑडीकडे, त्यामुळे आतली बरीच बटणं ऑडीची. लोक हसतात, मला बरं वाटतं. फक्त चढावर रिव्हर्समध्ये इंच-इंच सरकवायची नाही, क्लचचा वास येतो. आखूडशिंगी बहुदुधी काही नाही, पण मारकुटाही नाही.

तिसरी_गल्ली:
पुण्यातून लिहितेय. तुमचं थंडीचं कौतुक राहू द्या. आमच्याकडे पोर्शेची ७१८ आहे, आणि सोसायटीच्या फाटकातला स्पीडब्रेकर हाच आमचा न्यायाधीश. वॉचमनकाका प्लायवूडची फळी आणून टाकतात, नवरा गाडी तिरकी घेतो, मी उतरून खाली वाकून "अजून, अजून, थांब!" करते. रोज. मागे रिक्षांची रांग. फेरारी असती तर फळ्या दोन लागल्या असत्या, एवढाच फरक.

शिवाय आयात करात गाडीची किंमत दुपटीवर. २००२ मध्ये सचिनला भेट मिळालेली ३६० सुद्धा आधी कस्टम्समध्येच गाजली. करमाफीवरून एवढा गदारोळ झाला की शेवटी कर फेरारीची तेव्हाची मालक कंपनी फियाटने भरला.

वरातीचा_घोडा:
@तिसरी_गल्ली, फळीवरून जोरात हसलो. माझ्या ड्राइव्हवेच्या तोंडाशीही दोन पाट आहेत.

@मागचं_इंजिन, मॅन्युअल ३६० च्या किमती चढल्यात, हे विसरू नका. जेवढा खर्च केला त्याहून जास्त वाढली.

मागचं_इंजिन:
विकली तर. आणि चालवली नाहीत तर. इथेच तुमचं घोडं पेंड खातं. खरं सांगा, गेल्या वर्षी किती चालवलीत?

वरातीचा_घोडा:
१,९०० मैल.

मागचं_इंजिन:
म्हणजे तीन हजार किलोमीटर. माझे तीन महिने! उरलेले नऊ महिने काय करता?

वरातीचा_घोडा:
गॅरेजमध्ये जाऊन बघतो. हसू नका, खुर्ची ठेवलीय तिथे.