पाकिटातल्या क्रॅनबेरीचा सॉस

बी-३०२ वहिनी: एक विचारायचं होतं. घरात सुक्या क्रॅनबेरीचं १५० ग्रॅमचं पाकीट पडून आहे. शनिवारी पाहुणे येतायत, तर सॉस करावा म्हणतेय. हाताशी आहे ती रेसिपी ताज्या फळाची आहे. ३४० ग्रॅम क्रॅनबेरी, एक कप साखर, एक कप पाणी, दहा मिनिटं उकळा. सुक्या घेतल्या तर सगळं निम्मं करू का?

सी-५०४: निम्मं कशाला वहिनी, पाणी थोडं वाढवा, बाकी तेच. भिजल्या की ताज्याच की!

ए-१०१ काकू: नाही होत रे ताज्या. हातातलं काम उरकते आणि सविस्तर लिहिते. तोवर साखरेचा डबा उघडू नकोस गं.

सेक्रेटरी: उद्या सकाळी १० ते १ टाकी साफ होणार आहे. पाणी भरून ठेवावे.

डी-२०३ ताई: साखर नाही घातली तर तोंडात धरवणार नाही. क्रॅनबेरी जबरदस्त आंबट असते.

ए-१०१ काकू: ताजी असते. सुकी नाही. ३०२, पाकीट उलटं कर आणि घटक वाचून दाखव बरं.

बी-३०२ वहिनी: क्रॅनबेरी, साखर, सूर्यफूल तेल. आणि खाली तक्त्यात १०० ग्रॅममागे साखर ६८ ग्रॅम! मी आजवर सुकामेवा समजून पोरांना मूठमूठ देत होते.

सी-५०४: तेल कशाला पण?

ए-१०१ काकू: एकमेकींना चिकटून गोळा होऊ नये म्हणून. आता नीट ऐका, माझी सगळी नोकरी फळप्रक्रियेत गेली आहे.

ताज्या क्रॅनबेरीत १०० ग्रॅमला साखर जेमतेम ४ ग्रॅम असते. नुसती वाळवली तर इतकी आंबट-तुरट आणि चिवट लागेल की कुणी पाकीट परत घेणार नाही. म्हणून कारखान्यात फळ कापतात, त्यातला बराचसा रस काढून घेतात (तो रस म्हणून वेगळा विकला जातो), आणि रिकाम्या झालेल्या फळात साखरेचा पाक मुरवतात. मग वाळवणं, वरून तेलाचा हलका हात. थोडक्यात, तुझ्या पाकिटात आंबटपणा निघून गेलेलं आणि पाक प्यायलेलं फळ आहे. म्हणून कृती उलटी करायची. ताज्या फळाला आपण साखर देतो, याला आंबट द्यायचं.

बी-३०२ वहिनी: म्हणजे साखर अजिबातच नाही?

ए-१०१ काकू: हिशोब कर ना. १५० ग्रॅममध्ये १०० ग्रॅमच्या आसपास साखर आलीच. पाणी आणि रस मिळून ४०० मिली घातलंस आणि आटवून सॉस ४०० ग्रॅम उरला, तर वजनाच्या पाव हिस्सा साखर झाली. सॉसला हे भरपूर आहे. त्यावर तुझ्या रेसिपीतला अख्खा कप, म्हणजे २०० ग्रॅम ओतलास तर एकूण वजनात निम्मी साखर. तो सॉस नाही, जॅम.

सी-५०४: शब्द मागे घेतो 🙏

डी-२०३ ताई: मग आंबटपणासाठी काय घालायचं? लिंबू?

ए-१०१ काकू: संत्र्याचा रस मुख्य, लिंबू शेवटी चवीपुरतं. प्रमाण देते.

पाकीट चाळणीत घालून वरून गरम पाणी एकदाच ओत, तेल निघून जाईल. फार वेळ धुवू नको, रंगही जातो. मग ३०० मिली कडकडीत पाण्यात अर्धा तास झाकून ठेव. ते पाणी फेकायचं नाही! रंग आणि चव त्यात उतरलेली असते. त्याच पाण्यासकट पातेल्यात, वर १०० मिली संत्र्याचा रस, चिमूटभर मीठ, दालचिनीचा तुकडा. उकळी आली की आच मंद, १५ ते २० मिनिटं. फळ चमच्याने दाबलं की चेपलं पाहिजे, तेवढीच खूण. संत्र्याची साल किसून घालणार असशील तर वरची केशरी तेवढीच, पांढऱ्यापर्यंत किसणी गेली की कडू.

आणि पातेलं स्टीलचं. ॲल्युमिनियमचं किंवा लोखंडी नको, आंबट पदार्थाला धातूची चव लागते.

ए-४०२ आजोबा: आम्ही परदेशात मुलाकडे गेलो होतो तेव्हा पाहिलेला सॉस डब्यातून काढल्यावर डब्याच्याच आकारात ताटलीत उभा राहिला होता. वळ्यांसकट. तसा होईल का?

ए-१०१ काकू: नाही काका, तसा नाही होणार. ३०२, हे तूही आत्ताच ऐकून ठेव, नाहीतर घट्ट होण्याची वाट बघत तासभर आटवत बसशील. ताज्या क्रॅनबेरीत पेक्टिन, म्हणजे जेली धरवणारा फळातला घटक, भरपूर असतं. उकळताना साली तडकतात, पेक्टिन बाहेर येतं, फळाचं आम्ल आणि घातलेली साखर मिळून गार झाल्यावर ते जेलीसारखं धरतं. बाहेरून काही घालावं लागत नाही. सुक्या फळात आम्ल कमी झालेलं, आणि जे पेक्टिन आहे ते सालीतच अडकून बसतं. तुझा सॉस दाट होईल, चमच्यावरून सावकाश पडेल, पण थरथरणारी जेली होणार नाही. मला तर तोच आवडतो. डब्यातला एकसारखा गुळगुळीत असतो, फळ खाल्ल्यासारखं वाटतच नाही.

ए-४०२ आजोबा: डब्याचीही गंमत आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये मार्कस युरॅन नावाच्या वकिलाने १९१२ मध्ये हा सॉस डब्यात भरून विकायला सुरुवात केली. ताजं फळ म्हणून न विकलं जाणारं, दबलेलं-डागाळलेलं पीक त्यात खपायचं आणि दोन महिन्यांचं फळ वर्षभर विकता यायचं. वकिली डोकं!

सी-५०४: आजोबा फॉर्मात 😄

बी-३०२ वहिनी: काकू, थोडा तरी दाट हवा असेल तर कॉर्नफ्लोअर चालेल?

ए-१०१ काकू: चालेल, पण माझी पहिली पसंती मिक्सर. निम्मं फळ वाटून परत पातेल्यात घाल, निम्मं तसंच अख्खं ठेव. दाटपणा फळाचाच येतो आणि दाताखाली तुकडेही लागतात. वाटताना निवू दे. उकळतं मिश्रण बंद भांड्यात फिरवलं तर वाफेने झाकण उडतं.

दुसरा मार्ग म्हणजे एक आंबट सफरचंद सालीसकट किसून सुरुवातीलाच घालणं. पेक्टिनही मिळतं, आंबटपणाही.

कॉर्नफ्लोअर घालायचंच तर एक लहान चमचा गार पाण्यात कालवून अगदी शेवटी, आणि मिनिटभरच उकळ. आंबटात जास्त वेळ उकळलं की ते पुन्हा पातळ होतं. मग लोक अजून एक चमचा घालतात आणि खळ तयार होते. फ्रीझरमध्ये ठेवणार असशील तर नकोच, वितळल्यावर पाणी सुटतं.

डी-२०३ ताई: आणि चुकून जास्त आंबट झाला तर चिमूटभर सोडा. मी टोमॅटोत घालते.

ए-१०१ काकू: इथे नको गं! क्रॅनबेरीचा लाल रंग आम्लावर टिकतो. सोडा पडला की जांभळट, निळसर व्हायला लागतो. लिंबू पिळलं की पुन्हा उजळतो, पण मग सोडा घातला कशाला? आंबट वाटलाच तर शेवटी एक चमचा साखर किंवा मध. तेही गार झाल्यावर चाखून. गरम असताना चवीचा अंदाज फसतो.

सी-५०४: काकू, आलं? मिरी?

ए-१०१ काकू: आल्याचा छोटा तुकडा छान लागतो. लवंग घातलीस तर एकच, ती सगळ्यांवर कुरघोडी करते. मिरी तू तुझ्या वाटीत घाल.

डी-२०३ ताई: क्रॅनबेरी लघवीच्या इन्फेक्शनवर चांगली असते ना? सासूबाईंना देता येईल मग.

बी-६०३ डॉक्टर: सॉस औषध म्हणून देऊ नका. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषध नियामक संस्था) २०२० मध्ये लेबलवर जो दावा लिहायला परवानगी दिली तो ठरावीक प्रमाणातल्या क्रॅनबेरी ज्यूसबद्दल आणि पूरक गोळ्यांबद्दल आहे. तोही निरोगी स्त्रियांना पुन्हा होणारं इन्फेक्शन टाळण्यापुरता, आणि पुरावा मर्यादित असल्याचं नमूद करून. सुकी क्रॅनबेरी आणि सॉस त्यात नाहीत. जळजळ, ताप असेल तर तपासणी करून घ्या. मधुमेह असेल तर काकूंनी सांगितलेला साखरेचा हिशोब पुन्हा वाचा.

ए-४०२ आजोबा: मी रक्त पातळ होण्याची गोळी घेतो. वॉरफरिन. मला चालेल का?

बी-६०३ डॉक्टर: आजोबा, वॉरफरिन घेणाऱ्यांनी क्रॅनबेरीबाबत सावध राहावं असंच सांगतात. तुमच्या डॉक्टरांना फोन करून विचारा, ग्रुपवर नको. तोवर वाटी बाजूला.

ए-४०२ आजोबा: इतिहास मी सांगायचा आणि खायचं इतरांनी. 😌

बी-३०२ वहिनी: आजोबा, तुमच्यासाठी नुसत्या सफरचंदाचा वेगळा करते. काकू, उद्याच करून ठेवला तर शनिवारपर्यंत टिकेल?

ए-१०१ काकू: आरामात. उलट एक दिवस मुरला की जास्त चांगला लागतो, दाटही होतो. म्हणून गॅस बंद करताना हवा त्यापेक्षा थोडा पातळच ठेव. कोरड्या काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये, आठवडाभर. ओला चमचा घालायचा नाही.

सी-५०४: जास्त करून सीलबंद बरण्या भरल्या तर? बाहेर ठेवता येतील, वर्षभर.

ए-१०१ काकू: नको. बरण्या नुसत्या उकळत्या पाण्यात ठेवून टिकवायच्या तर आतल्या पदार्थाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट) ४.६ च्या खाली हवा. ताजी क्रॅनबेरी त्याच्या पुष्कळ खाली असते, म्हणून तिच्या रेसिपीत बरण्या उकळत्या पाण्यात ठेवण्याची वेळ दिलेली असते. आपल्या सॉसमध्ये आम्ल किती उरलंय हे चाखून कळत नाही. ती वेळ इकडे उचलून लावायची नाही. जास्त झाला तर फ्रीझर, दोन-तीन महिने. डबा काठोकाठ भरू नका, गोठताना फुगतो.

बी-३०२ वहिनी: आणि वाढायचा कशाबरोबर? पाहुण्यांत दोघं शाकाहारी आहेत.

ए-१०१ काकू: भाजलेल्या चिकनबरोबर जातो तसा भाजलेल्या भोपळ्याबरोबर, पनीरबरोबरही जातो. जिथे खारट आणि तुपकट आहे तिथे हा हवा. दुसऱ्या दिवशी टोस्टवर चीज आणि हा. उरलाच तर घट्ट दह्यात.

डी-२०३ ताई: उरलाच तर डी-२०३.

सेक्रेटरी: टाकीची वेळ बदलली आहे. आता ११ ते २.

बी-३०२ वहिनी: मग क्रॅनबेरी ११ च्या आत भिजत घालते.