निम्मे चॅनेल गायब, बाकीचे स्वच्छ. बॉक्स बदलायचा की डिश?

गच्चीवरची_डिश:
आमची डिश 60 सेंमीची आहे, सहा वर्षं झाली. गेले पंधरा दिवस साधारण निम्मे चॅनेल आरशासारखे स्वच्छ दिसतात आणि उरलेल्यांवर 'सिग्नल नाही' असं येतं. पाऊस नाही, आभाळही मोकळं आहे. बॉक्सच्या मेनूत स्ट्रेंग्थ सगळीकडे 80 च्या वर दाखवते. क्वालिटी मात्र चालू चॅनेलवर 70 आणि बंद चॅनेलवर शून्य. जो माणूस बघायला आला होता, तो गच्चीवर गेलाच नाही. पाच मिनिटांत म्हणाला, बॉक्स गेलाय, आणि डिशही 90 ची घ्या. वडील अंथरुणाला खिळलेले आहेत, त्यांचा दिवस टीव्हीवरच जातो. त्यांचे नेहमीचे दोन्ही चॅनेल नेमके गेलेल्यांत आहेत. काय करू?

रिमोट_माझ्याकडे:
एकदा नव्याने स्कॅन करून बघा.

आडवी_उभी:
स्कॅन आत्ता नको. सिग्नल नसताना स्कॅन केलं तर काही बॉक्स गेलेले चॅनेल यादीतूनच काढून टाकतात, मग दुरुस्ती झाली तरी कळणार नाही.

दादा, निम्मे चॅनेल जाणं ही फार बोलकी खूण आहे. डिशसमोर दांडीवर जी डबी असते, ती एलएनबी. तिला वीज बॉक्सकडूनच मिळते, त्याच केबलमधून. बॉक्सने 13 व्होल्ट दिले की ती उभ्या लहरी घेते, 18 दिले की आडव्या. काही सेवांत उभ्या-आडव्याऐवजी उजव्या-डाव्या फिरणाऱ्या लहरी असतात, पण बदलायची कळ हीच, व्होल्टची. वाटेत कुठे सांधा गंजला असेल तर 18 निघतात आणि वर 14 च पोचतात. एलएनबीला वाटतं 13 च मागितलेत, आणि दुसरा सगळा गट गायब होतो. स्ट्रेंग्थ तरीही 80 दिसते, कारण त्या आकड्यात नुसती खरखरही मोजली जाते. विश्वास ठेवायचा तो क्वालिटीवर.

माझ्याकडे हेच झालं होतं. एलएनबीचा कनेक्टर फिरवून काढला तर आतली मधली तार हिरवी पडलेली. केबलचं काळं आवरण चिरलं आणि चक्क पाण्याचा थेंब बोटावर आला. आवरणाखालची धातूची जाळी बोटभर अंतरापर्यंत काळी होती.

म्हणून आधी एक चाचणी करा. बॉक्स आणि एखादा छोटा टीव्ही गच्चीवर न्या, दोन-तीन मीटरची नवी केबल थेट एलएनबीला लावा. सगळे चॅनेल आले तर बॉक्सही निर्दोष आणि एलएनबीही, दोष जुन्या केबलचा. मग जाळी चकचकीत लागेपर्यंत केबल मागे कापा आणि नवा एफ कनेक्टर, म्हणजे केबलच्या टोकाचं फिरवून बसवायचं तोंड, बसवा. मधली तार तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर हवी, आणि जाळीचा एकही केस तिला चिकटता कामा नये. हे सगळं बॉक्सचा प्लग काढून करा, नाहीतर शॉर्ट होऊन बॉक्स खरोखरच जाईल. सांध्यावर रबरी टेप ताणून गुंडाळा आणि त्याच्या खाली केबलला झोळ ठेवा, म्हणजे पाणी सांध्यात न शिरता झोळावरून गळून पडतं.

ओळंबा:
वरच्याशी सहमत. एक विनंती, डिशचे नट सैल करू नका. 70 क्वालिटी येतेय म्हणजे दिशा बरोबर आहे. उपग्रह विषुववृत्तावर 35,786 किमी उंचीवर असतो आणि 60 सेंमीच्या डिशचा झोत जेमतेम अडीच-तीन अंशांचा. एका अंशाने हलली तरी क्वालिटी पडते, आणि पुन्हा जुळवताना अख्खा दिवस जातो. मोठ्या डिशने जोरदार पावसात फरक पडतो, पण तुमचा त्रास पावसाचा नाही. चाचणीतही चॅनेल आले नाहीत, तर एलएनबी बदलून बघा. बॉक्सचा नंबर सगळ्यात शेवटी.

रिमोट_माझ्याकडे:
माझ्या स्कॅनच्या सल्ल्याबद्दल माफ करा. एक विचारतो, त्याच डिशवर दुसऱ्या खोलीत बॉक्स लावायचा झाल्यास केबलला एकाचे दोन फाटे करणारा साधा स्प्लिटर चालेल का?

आडवी_उभी:
नाही. एक बॉक्स 13 मागणार आणि त्याच वेळी दुसरा 18, एलएनबी दोघांचं कसं ऐकणार? दोन तोंडांची एलएनबी घ्या आणि दोन स्वतंत्र केबल ओढा.

गच्चीवरची_डिश:
सकाळी भाऊ आणि मी बॉक्स वर नेला. छोटी केबल लावली आणि सगळे चॅनेल आले! जुनी केबल कापत गेलो, तर हातभर आत गेल्यावर चकचकीत जाळी लागली. नवा कनेक्टर बसवला, टेप गुंडाळली, झोळ दिला. आधी बंद असलेल्या चॅनेलवरही आता क्वालिटी 72 आहे. वडिलांनी दुपारच्या बातम्या पूर्ण बघितल्या, आवाज वाढवायला सांगितला. तुम्हा दोघांचे मनापासून आभार.

भिंतीतून केबल आत येते तिथेही एक जोड सापडला, त्याचंही तोंड काळवंडलंय. गच्चीपासून बॉक्सपर्यंत तीस मीटर होतात. सगळी केबलच बदलायचा विचार आहे. आतली तार शुद्ध तांब्याची घ्यावी, की तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी चालेल?

आडवी_उभी:
तीस मीटर असेल तर शुद्ध तांब्याचीच घ्या, आरजी-6 या प्रकारची, 75 ओहम लिहिलेली. पोलादी तारेत व्होल्ट जास्त गळतात आणि तुमचा आजार व्होल्टचाच होता. मधे जोड न देता एकसंध ओढा.