एपीआरएस : नकाशावर गाडी मध्येच मागे का जाते?

प्रश्न – तरंगयात्री

नमस्कार. गाडीत बसवलेल्या ट्रॅकरवरून मी हौशी रेडिओच्या दोन मीटर पट्ट्यात एपीआरएस बीकन, म्हणजे गाडीचे स्थान कळवणारी छोटी रेडिओ पॅकेट्स, पाठवतो. वळणावर लगेच आणि सरळ रस्त्यावर सावकाश बीकन जाईल, अशी सेटिंग ठेवली आहे. इंटरनेटवरील नकाशात बहुतेक मार्ग व्यवस्थित उमटतो. मात्र मधूनच गाडी दीडएक किलोमीटर मागे फेकली जाते आणि पुढच्या बीकनला पुन्हा जागेवर येते, त्यामुळे सरळ महामार्गावर करवतीच्या दात्यांसारखी रेघ दिसते. जीपीएसची नोंद स्वतंत्रपणे तपासली. ती स्वच्छ आहे. दुसरी शंका अशी की, घरी मी केवळ ऐकणारा आयगेट (रेडिओवर ऐकलेली पॅकेट्स इंटरनेटवरील सर्व्हरकडे पाठवणारे स्टेशन) चालवतो, त्याच्या लॉगमध्ये माझी पॅकेट्स दिसतात, तरी नकाशावर जवळजवळ प्रत्येक वेळी दुसऱ्याच आयगेटचे कॉलसाइन (स्टेशनचे ओळखनाव) येते. माझे स्टेशन सर्व्हरपर्यंत काहीच पोहोचवत नाही, असे समजावे का?

उत्तर – जुनाहॅम

तसे समजू नये. एकच पॅकेट अनेक आयगेट ऐकतात आणि सगळेच ते सर्व्हरकडे पाठवतात. सर्व्हर पाठवणाऱ्याचे कॉलसाइन, गंतव्य आणि मजकूर ताडून पाहतो व साधारण ३० सेकंदांच्या आत आलेली तीच प्रत टाकून देतो. पॅकेट कोणत्या डिजिपीटरांवरून (ऐकलेले पॅकेट रेडिओवर पुन्हा पाठवणाऱ्या स्टेशनांवरून) आले, हे या तुलनेत धरलेच जात नाही. ज्याची प्रत काही मिलिसेकंद आधी पोहोचली, त्याचे नाव टिकते. त्या नावावरून कोणाचा अँटेना चांगला, हे ठरवता येत नाही (लोक ठरवतात, आणि मग उगाच उंच मास्ट उभारतात).

पहिल्या प्रश्नाचे मूळही या ३० सेकंदांतच आहे. एखादी प्रत वाटेत रेंगाळून ९० सेकंदांनी पोहोचली, तर सर्व्हरला ती नवी वाटते. ट्रॅकरच्या नेहमीच्या पॅकेटमध्ये वेळ नसते, म्हणून नकाशा पोहोचल्याचीच वेळ धरतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी ९० सेकंदांत दीड किलोमीटर पुढे गेलेली असते. तुम्ही दिलेला आकडा याच्याशी जुळतो.

उत्तर – डिजिपीटरचालक

आता रेंगाळणारा कोण, ते शोधावे लागेल. नकाशाच्या संकेतस्थळावर मूळ पॅकेट्स पाहण्याची सोय असते. मजकूर अक्षरशः तोच असलेल्या दोन ओळी शोधा आणि उशिराच्या ओळीत ‘क्यूएआर’ किंवा ‘क्यूएओ’ या खुणेनंतर कोणते कॉलसाइन आहे, ते पाहा. दर वेळी तोच आयगेट असेल, तर त्याचे इंटरनेट अडखळत असून साठलेली पॅकेट्स नंतर पुढे जात असावीत. आयगेट वेगवेगळे आणि मार्गात तारांकित (पॅकेट पुढे पाठवल्याची * खूण असलेला) डिजिपीटर मात्र एकच, असे दिसले, तर संशय डिजिपीटरवर घ्यावा. डिजिपीटर चॅनेल मोकळे होईपर्यंत थांबतो. त्याचा स्क्वेल्च (सिग्नल नसताना रिसीव्हरचा आवाज बंद ठेवणारी सोय) गोंगाटामुळे उघडाच राहिला, तर त्याला चॅनेल सतत व्यापलेले भासते, पॅकेट्स रांगेत साठतात आणि स्क्वेल्च मिटताच सगळी एकामागोमाग बाहेर पडतात. तुमच्या घरच्या लॉगचा खरा उपयोग इथे आहे: घड्याळ नेमके जुळवलेले असेल, तर मूळ पॅकेट आणि त्याची उशिराची आवृत्ती या दोन्हींच्या वेळा तिथेच मिळतील, सर्व्हरला मध्ये आणण्याची गरज नाही. तात्पुरता उपाय म्हणून ट्रॅकरच्या पॅकेटमध्ये वेळेचा शिक्का घालता येतो.

उत्तर – लघुलहर

वेळेच्या शिक्क्यावर मी फारसा विसंबणार नाही. शिक्का असला, तरी प्रत्येक नकाशा तो मानतोच असे नाही, आणि ट्रॅकर मायक-ई या आटोपशीर स्वरूपात पाठवत असेल, तर त्या स्वरूपात वेळेला जागाच नाही. त्याऐवजी ट्रॅकरचा पाथ, म्हणजे पॅकेट किती डिजिपीटरांनी पुढे पाठवावे याची सूचना, पाहा. वाइड १-१ आणि वाइड २-१ (प्रत्येकी एक टप्पा) एवढे गाडीला पुरते. काही ट्रॅकरांत वाइड २-२ किंवा त्याहूनही लांब पाथ ठेवलेला आढळतो आणि मग पॅकेट जितक्या जास्त डिजिपीटरांवरून फिरते, तितक्या रेंगाळण्याच्या जागा वाढतात. आयगेट दाट असलेल्या भागात तर नुसत्या वाइड १-१ वर एक फेरी करून पाहावी: करवत नाहीशी झाली, तर दोष दुसऱ्या टप्प्यावरील डिजिपीटरचा असण्याची शक्यता मोठी, तशीच राहिली, तर पहिला डिजिपीटर किंवा आयगेट तपासावा. डिजिपीटरच्या चालकाला कळवताना लॉगमधील त्या दोन ओळी वेळेसह पाठवा. नकाशाच्या नुसत्या चित्रावरून त्याला स्वतःच्या यंत्रात काय शोधायचे, ते कळणार नाही.