विषय: गावातल्या भजनांच्या ध्वनिमुद्रणासाठी संगणक

सप्रेम नमस्कार,
अमरावती जिल्ह्यात मोझरीजवळच्या खेड्यात राहणाऱ्या माझ्या भाच्याला तिथल्या खंजिरी भजन मंडळाची भजने घरीच रेकॉर्ड करायची आहेत. सगळे मिळून चाळीस हजार रुपयांत भागवायचे आहे. मी डिसेंबरमध्ये परदेशातून गावी जाणार आहे. कोणता डेस्कटॉप घ्यावा?

आदरणीय ताई,
डेस्कटॉप घेऊ नये, लॅपटॉपच घ्यावा, असे मी आग्रहाने सांगतो. गेल्या दिवाळीत यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी हनुमान मंदिरात आम्ही रेकॉर्डिंगला बसलो होतो. पेटी आणि खंजिरी सुरेख जुळून आली होती, आणि शेवटच्या कडव्याला लाइन गेली. डेस्कटॉप बंद पडला आणि जतन न केलेले सारे भजन गेले. बुवांनी पुन्हा गायले, पण तो रंग काही परत आला नाही. लॅपटॉप असता तर बॅटरीवर काम चालू राहिले असते. शिवाय प्रौढ प्रवाशाला एक लॅपटॉप सीमाशुल्काविना भारतात नेता येतो आणि त्याचा चार्जर सहसा १०० ते २४० व्होल्टवर चालतो.

महागड्या प्रोसेसरची गरज नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट या रेकॉर्डिंगच्या दर्जावर एका माइकच्या एका मिनिटाला जेमतेम ९ एमबी जागा लागते. इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा आय-फाइव्ह असलेला वापरलेला लॅपटॉप पुरेल; त्याहून जुना घेतल्यास विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. रॅम ८ जीबी चालेल. तबला-तानपुऱ्याचे सॅम्पल, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेले आवाज, वापरायचे असतील तर १६ घ्यावी. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, मात्र हवीच, कारण तिचा आवाज होत नाही.

उरलेले पैसे दोन माइक लागतील अशा ऑडिओ इंटरफेसवर (माइकचा आवाज संगणकात नेणारे उपकरण) आणि माइकवर खर्चावेत. इंटरफेसला स्वतःचा एसिओ ड्रायव्हर (विंडोजवर आवाज कमी उशिराने पोचवणारे सॉफ्टवेअर) आहे ना, हे आधी पाहावे. बफर, म्हणजे संगणक एका वेळी साठवून हाताळतो तो आवाजाचा तुकडा, २५६ नमुन्यांचा ठेवला तर त्यामुळे होणारा उशीर एका बाजूने सुमारे ५ मिलिसेकंद राहतो. तो फार वाढला, तर हेडफोनमध्ये स्वतःची थाप मागून ऐकू येते आणि खंजिरीवाल्याचा हात अडखळतो. रीपर हे रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर ६० दिवस विनामूल्य वापरता येते.

उन्हाळ्यात कूलर बंद करूनच रेकॉर्डिंग करावे लागेल, म्हणून पहाटेची वेळ बरी. लॅपटॉप वापरलेला घेतलात, तर निघण्यापूर्वी चार्जर काढून तासभर सलग रेकॉर्डिंग करून पाहावे. बॅटरी थकलेली असेल तर ती इथेच बदलून घेता येईल.