मदत हवी आहे : 'हाउस ऑफ द रायझिंग सन'ची जुनी रेकॉर्डिंग्ज

नमस्कार मंडळी,

'द ॲनिमल्स' या ब्रिटिश रॉक बँडचं १९६४ मधलं 'हाउस ऑफ द रायझिंग सन' इथे बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. हिल्टन व्हॅलेंटाइनच्या गिटारची ती सुरुवात ऐकली की आजही अंगावर काटा येतो. पण मला हवंय ते त्याच्या आधीचं.

१९३७ मध्ये लोकगीतं गोळा करणाऱ्या ॲलन लोमॅक्सने अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या मिडल्सबरो गावी जॉर्जिया टर्नरकडून हे गाणं ध्वनिमुद्रित करून घेतलं. खाणकामगाराची मुलगी, वय अवघं १६! तिच्या गाण्यात आयुष्याची धूळधाण झालेली मुलगी स्वतः बोलते. बॉब डिलननेही १९६२ मध्ये तिचीच बाजू ठेवली (मांडणी लोकगायक डेव्ह व्हॅन राँकची). ॲनिमल्सनी मात्र गाण्यातल्या मुलीचा मुलगा केला. गाणं जगभर पोचलं हे खरं, पण तिचा आवाज हरवला याचं मला फार वाईट वाटतं.

जॉर्जियाचं मूळ रेकॉर्डिंग नीट ऐकायला कुठे मिळेल? मुलीच्या तोंडचे शब्द ठेवून आणखी कोणी गायलंय? लोकगायिका जोन बाएझचं माहीत आहे. आणि गाण्यात येणाऱ्या न्यू ऑर्लिन्समधल्या त्या घराबद्दल भरवशाचं काही वाचलं असेल तर जरूर सांगा.