दात जाऊन वर्षं लोटली, आता इम्प्लांट: अनुभव आणि माहिती लिहा

अक्कलदाढ
माळा आवरताना २००८ चा ओपीजी (सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे) हाती लागला. खालच्या पहिल्या दाढेच्या जागी नुसती पोकळी. म्हणून हा धागा. काल दात काढला नि लगेच इम्प्लांट (हाडात बसवायचा धातूचा स्क्रू, त्यावर दाताची कॅप) केला, ही केस वेगळी. इथे दहा-पंधरा वर्षं जागा तशीच ठेवलेल्यांचं लिहा. दात काढल्यावर पहिल्या वर्षातच तिथल्या हाडाची रुंदी निम्म्याच्या आसपास घटते, त्यातली बरीचशी पहिल्या तीन महिन्यांत. वरून हिरडी छान भरलेली, आत हाडाची सुरीसारखी धार. ओपीजीत उंचीचा अंदाज येतो, रुंदी दिसतच नाही. म्हणून आधी सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी स्कॅन), मग खर्चाच्या गप्पा.

लॅबवाला
हाडाबद्दल सगळे बोलतात, समोरच्या दाढेबद्दल कोणी नाही! खालची दाढ गेली की वरची हळूहळू खाली उतरते, मागची पुढे कलते. सिमेंटने बसणाऱ्या कॅपला इम्प्लांटच्या माथ्यापासून समोरच्या दातापर्यंत ७-८ मिमी लागतात. ४-५ च उरले तर स्क्रूवालीच कॅप. त्याहून कमी असेल तर वरची दाढ घासा, किंवा रूट कॅनाल करून तिलाच कॅप घाला, किंवा मिनी स्क्रू लावून वर ढकला (यात महिने जातात). हे सगळं कॅपचं माप घ्यायच्या *आधी* ठरायला हवं. नाहीतर लॅबला मॉडेल येतं, आम्ही पापडासारखी कॅप करतो आणि वर्षात पोर्सेलिनचा टवका उडतो.

निशिगंध
पापडासारखी 😂

सुपारीबंद
आकडे पाठ करून जा. ४ मिमी जाडीच्या इम्प्लांटला बाहेरून-आतून दीड-दीड मिमी हाड, म्हणजे रुंदी ७. शेजारच्या दातापासून दीड, दोन इम्प्लांटच्या मध्ये ३. खालच्या जबड्यात मज्जातंतूची नस असते, तिच्या वर २ मिमी राखायचे, म्हणजे १२ मिमी उंची असली तरी इम्प्लांट १० चाच. ऑपरेशननंतर भूल उतरूनही ओठ-हनुवटी बधिर राहिली तर "होईल कमी" म्हणून थांबू नका. त्याच दिवशी फोन.

मऊभात
वरच्या दाढांना नसेची नाही, सायनसची (दाढांच्या वरच्या हवेच्या पोकळीची) अडचण. ५-६ मिमी हाड असेल तर त्याच भोकातून सायनसचा पडदा उचलतात. फारच कमी असेल तर बाजूने खिडकी पाडून हाडाची पूड भरायची, मग सहा-आठ महिने थांबायचं. नंतर दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक तोंड उघडून, स्ट्रॉ बंद.

निशिगंध
पूड कशाची असते? घरी सगळे कट्टर शाकाहारी

मऊभात
निशिगंधताई, बहुतेक वेळा प्रक्रिया केलेल्या गाईच्या हाडाची. वर झाकायचा पडदा डुकराच्या नाहीतर गाईच्या कोलॅजनचा. कृत्रिम पण मिळते (बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट), ती लवकर विरघळते, आकार तितका टिकत नाही. पण आधी सांगा. खुर्चीत, भूल दिल्यावर विचारू नका!

काकडीकाका
साखर? एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची टेस्ट) ७ च्या आत असलेली बरी. मिश्री लावणाऱ्या आज्यांना कोणी विचारत नाही, त्याही "तंबाखू नाही हो" म्हणतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. हाडं ठिसूळ म्हणून वर्षातून एकदा झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन घेत असाल तर ते पहिल्याच भेटीत सांगा, जखम न भरता जबड्याचं हाड उघडं पडू शकतं. रक्त पातळ करायची गोळी मनाने बंद करू नका.

अक्कलदाढ
काका, मिश्रीचं अगदी खरं.

लॅबवाला
कॅप हलायला लागली की लोक घाबरतात, इम्प्लांट गेला म्हणून. बहुतेकदा आतला स्क्रू सैल झालेला असतो. स्क्रूवाली कॅप असेल तर वरचं दातरंगी बूच कोरायचं, खालची टेफ्लॉन टेप काढायची, टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळायचा पाना) कंपनीने दिलेल्या मापाला (बऱ्याच सिस्टिमला ३० ते ३५ न्यूटन सेंटिमीटर) आवळायचं, परत टेप, परत बूच. सिमेंटवाली असेल तर बऱ्याचदा कॅप फोडावी लागते. शिवाय जादा सिमेंट हिरडीखाली राहिलं तर पू धरतो आणि हाड झिजतं. म्हणून माझं मत स्क्रूला. घरी फेविक्विक लावणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार.

निशिगंध
इम्प्लांट बसवल्यावर कॅपसाठी ३ महिने थांबायचं म्हणतात, तर मध्ये ते चमकतं बटण दिसतं ते काय?

सुपारीबंद
हीलिंग कॅप. हिरडीला आकार देते. खाली साधारण तीन महिने, वर चार ते सहा. ती सैल होऊन हातात आली तर डबीत ठेवून लगेच जा. हिरडी झपाट्याने मिटते, मग पुन्हा कापावी लागते. आणि बॉक्सवरचा स्टिकर मागून घ्या: कंपनी, जाडी, लांबी, लॉट नंबर. मुलाकडे अमेरिकेत असताना स्क्रू सैल झाला तर त्याशिवाय तिथल्या डॉक्टरला कुठला ड्रायव्हर लागेल तेच कळत नाही.

काकडीकाका
टाके असताना हुरडा चालेल का? सीझन आहे

मऊभात
काका नाही!! दाणा टाक्यात अडकतो. तीळ, खसखस पण नको. मऊ भात, वरण, गार ताक.

काकडीकाका
ताक चालेल तर मग हुरड्याचं थालीपीठ ताकात बुडवून?

निशिगंध
काका 😂 तीळ काढून