मिनीगोल्फला पदक द्यायचं का? (क्रीडा महोत्सव ग्रुपवरची चर्चा)

मेघना (क्रीडा समिती): नमस्कार मंडळी. महोत्सवाच्या खेळांची कच्ची यादी टाकतेय. पदकांचे खेळ: बॅडमिंटन, टेबल टेनिस, कॅरम, बुद्धिबळ, धावणे, रस्सीखेच. पदकाशिवाय, येता-जाता खेळायचे: रिंग टाकणे आणि मिनीगोल्फ (छोट्या आखीव पट्ट्यांवर, म्हणजे लेनवर, काठीने चेंडू टोलवून होलमध्ये घालायचा). कुणाची हरकत असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा. उद्या यादी पक्की करायची आहे.

अनुजा: मेघनाताई, माझी हरकत आहे. मिनीगोल्फला रिंग टाकण्याच्या शेजारी बसवू नका. पदकांच्या यादीत घ्या.

श्रीधरकाका: अनुजा, तुझी तळमळ कळते गं. पण पवनचक्कीच्या पात्यांमधून चेंडू घालवायचा आणि त्याला पदक द्यायचं? गेला तर नशीब, नाही गेला तर पातं आडवं आलं. यात खेळाडूचं काय?

अनुजा: काका, पवनचक्की असते ती सहलीच्या ठिकाणी. स्पर्धेच्या प्रमाणित कोर्सवर हलणारा अडथळा नसतोच. असतात ते उतार, कमानी, कोन, चढ, अरुंद फटी. सगळं जागच्या जागी, सगळ्यांना सारखं.

हा खेळ ‘खेळ’ झाला तोच मुळी मापं ठरली म्हणून. पॉल बोंग्नी नावाच्या स्विस माणसाने काँक्रीटच्या लेनचे आराखडे पक्के केले आणि १९५४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या आस्कोनाला त्यांचा पहिला कोर्स सुरू झाला. लेन १२ मीटर लांब, सव्वा मीटर रुंद. पुढे एटरनिटच्या, म्हणजे फायबर-सिमेंटच्या पत्र्याच्या लहान लेन आल्या. त्या सव्वासहा मीटर लांब आणि ९० सेंटिमीटर रुंद. कोर्सवर १८ लेन, त्याही मान्य आराखड्यांमधूनच निवडलेल्या. त्यामुळे एका गावात सराव केलेला खेळाडू दुसऱ्या देशात जातो तेव्हा तिथे त्याला ओळखीचीच लेन भेटते. तिथे जिंकतो तो नेम आणि डोकं वापरूनच. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९९१ पासून होतेय, स्वीडनची राष्ट्रीय संघटना तर १९३७ ची आहे.

निखिल: हे माहीत नव्हतं. गुण कसे मोजतात?

अनुजा: जितके फटके तितके गुण, कमी तो पुढे. एका लेनवर जास्तीत जास्त सहा फटके. सहाव्यालाही चेंडू होलमध्ये गेला नाही तर एक गुण वाढवून सात लिहायचे आणि पुढे जायचं. म्हणजे १८ लेनच्या एका राउंडचा सर्वोत्तम आकडा १८, सगळ्यात वाईट १२६. मला हा सातचा नियम फार आवडतो. एखाद्या लेनवर माणूस पार अडकला तरी त्याची अख्खी स्पर्धा बुडत नाही आणि मागचे लोक खोळंबत नाहीत.

जर्मनीत एटरनिटवरच्या राउंडना रंगांची नावं आहेत. विसाच्या आत आलात तर हिरवा, २० ते २४ निळा, २५ ते २९ लाल, तीस किंवा वर गेलात तर काळा. चांगले खेळाडू ‘आज हिरवा पडला का?’ एवढंच विचारतात. १८ लेनमध्ये १९ फटके, म्हणजे एकच चूक! याला नशीब म्हणाल का काका?

श्रीधरकाका: एखादा फटका नशिबाने जातोच की.

अनुजा: जातो ना. म्हणून तर एका राउंडवर निकाल लावत नाहीत. मोठ्या स्पर्धेत अनेक राउंड होतात आणि बेरीज धरतात. एक फटका कुणालाही लाभेल, पण तीन-चार राउंडची बेरीज कुणाला फुकट मिळत नाही. आपल्याकडे एकेक फटका मारून ‘पडला, पडला’ करत पुढे सरकायचं ठरवलं, तर तुमचं म्हणणं खरं ठरेल. त्यात खेळाचा दोष नाही, आपण तो कसा भरवतो त्याचा आहे.

आणि तुम्ही तर कॅरमवाले. रिबाउंड मारताना सोंगटी कडेला कुठे लागली की कुठे जाणार हे तुम्ही आधी डोळ्यांनी आखता. अवघड लेनवर मिनीगोल्फपटू तेच करतो. सरळ मारायची सोय नसते, कडेवर नेमका बिंदू धरायचा असतो. जोर थोडा वाढला तरी चेंडू वेगळ्या कोनात सुटतो.

श्रीधरकाका: बरं, हे पटण्यासारखं आहे. पुढे बोल.

सुलभाकाकू: मला वेगळंच विचारायचंय. आमच्याकडे ह्यांना वॉकर लागतो. मैदानावरच्या बाकी एकाही खेळात नाव घालता येत नाही. यात जमेल का?

अनुजा: काकू, जमेल. आणि मी इतकी भांडतेय त्याचं अर्धं कारण तुम्ही सांगितलंत तेच आहे. एटरनिटच्या लेनवर पाय ठेवायचाच नसतो, सगळे फटके बाहेर उभं राहून मारतात. काँक्रीटच्या लेनवर चालायला परवानगी असते. आपण एटरनिटचा नियम घेतला तर काकांना लेनवर चढायला नको. फक्त दोन लेनमधली वाट वॉकर आणि व्हीलचेअर वळेल इतकी रुंद ठेवायची. हे आधी आखावं लागेल, लेन मांडून झाल्यावर सुचून उपयोग नाही.

मेघना (क्रीडा समिती): हा मुद्दा समितीत कुणालाच सुचला नव्हता. लिहून ठेवला.

रोहन: मग गट कसे करायचे? १४ वर्षांखालचे, महिला, पुरुष, ज्येष्ठ? चार गट, चार पदकांचे संच?

अनुजा: माझं मत विचाराल तर सगळ्यांचा मिळून एकच खुला गट. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत युवा, खुला, ज्येष्ठ असे गट असतात, तिथे खेळाडूही तेवढे असतात. आपल्याकडे चार गट केले तर एकेका गटात पाच-सहा जण उरतील आणि प्रत्येक दुसरा पदक घेऊन जाईल. बारा वर्षांची मुलगी आणि सत्तरीचे आजोबा एकाच गुणतक्त्यावर, एकाच मोजणीने खेळू शकतील असा मैदानावरचा दुसरा खेळ महोत्सवात नाही. तोच तुकडे करून वाटू नका.

मेघना (क्रीडा समिती): पण लहान मुलं पहिल्या तिघांत आली नाहीत तर हिरमुसतात गं.

अनुजा: ताई, तसं असेल तर १४ खालच्यांतल्या पहिल्या मुलाला किंवा मुलीला वेगळं पदक द्या, पण नावं एकाच तक्त्यात राहू देत. मूल वर बघेल तेव्हा ‘मी सगळ्यांत अकरावी आले’ हे दिसायला हवं.

सुलभाकाकू: महिलांचा वेगळा गट नको, याला माझा पाठिंबा. ताकदीचा खेळच नाही हा.

अनुजा: काकू, तुम्हाला आवडेल म्हणून सांगते. स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजला बायकांनी १८६७ मध्ये स्वतःचा पटिंग क्लब काढला. पटिंग म्हणजे पटर नावाच्या काठीने चेंडू जमिनीवरून होलकडे हळूच लोटणं. खांद्याच्या वर काठी नेऊन जोरात फटका मारणं तेव्हा बायकांना शोभत नाही असं मानायचे, म्हणून त्यांनी छोट्या, उंचसखल हिरवळीवर पटिंगच्याच स्पर्धा सुरू केल्या. त्या हिरवळीला ‘हिमालयाज’ म्हणतात आणि तिथे आजही खेळतात. नुसत्या पटरने चुरशीने खेळायच्या परंपरेची सुरुवात शोधायला गेलं तर या बायका फार वर येतात.

निखिल: मी यूट्यूबवर बघितलं, खेळाडू पेटी भरून चेंडू घेऊन येतात. एका होलला एक, दुसऱ्याला दुसरा. मग ज्याच्याकडे जास्त चेंडू तो जिंकणार ना? हे मला खटकतंय.

अनुजा: खटकणं बरोबर आहे, पण ते का आहे तेही ऐक. मिनीगोल्फचा चेंडू साधारण ३७ ते ४३ मिलिमीटर व्यासाचा असतो, पण आतून प्रत्येक वेगळा. काही उडतात, काही कडेला लागून जागीच मरतात. काही जड, काही हलके, काही गुळगुळीत रोगण दिलेले, काही खरखरीत. कडेवरून उसळी घेऊन जायचं असेल तर उडता चेंडू, चढ चढून वर थांबवायचा असेल तर मेलेला. रबर गरम झालं की उसळी वाढते म्हणून कुणी चेंडू खिशात धरून उबदार ठेवतं, तर उन्हाच्या दिवशी कुणी थंड पिशवीत. चेंडूची निवड हा खेळाचा अर्धा अभ्यास आहे. मात्र लेन एकदा सुरू केली की होलमध्ये जाईपर्यंत तोच चेंडू, मध्ये बदलायचा नाही.

निखिल: अभ्यास मान्य. पण आपल्यात एकाने परदेशातून संच मागवला तर बाकीचे काय करणार?

श्रीधरकाका: सरळ सगळ्यांना एकच चेंडू द्या. विषय संपला.

अनुजा: काका, मग तो अर्धा अभ्यास गेलाच. मला वाटतं, समितीने दोन प्रकारचे चेंडू ठेवावेत, एक उडता, एक मंद. सगळ्यांना तेच दोन. लेनवर उभं राहिल्यावर कुठला घ्यायचा ते खेळाडूने ठरवायचं. स्वतःचे चेंडू आणायचे नाहीत. निवडीचं कौशल्य राहतं आणि निखिलची शंकाही मिटते.

निखिल: हे मात्र चांगलं आहे. माझी हरकत मागे.

रोहन: सगळं छान, पण १८ लेन मांडणार कुठे? मैदानावर निम्मी जागा तर रस्सीखेचीची.

अनुजा: सहा लेन करूया, तीन फेऱ्या मारल्या की १८. तिघातिघांचे गट करून प्रत्येक गट वेगळ्या लेनवरून सुरू करायचा, म्हणजे एका वेळी १८ जण खेळतात आणि कुणी ताटकळत नाही.

लेनचं मात्र मनावर घ्या, सगळं त्यावर आहे. प्लायवर पातळ कार्पेट चालेल. दोन प्लायचा सांधा लेनच्या मध्यावर आला आणि उंच-सखल राहिला तर चेंडू तिथे उडतो, मग काकांचं नशीब परत येतं. कार्पेटच्या लवेची दिशा सगळ्या लेनवर टीकडून (जिथून पहिला फटका मारतात तिथून) होलकडे अशीच हवी. आडवी झाली तर हळू चेंडू शेवटच्या हातभर अंतरात एका बाजूला वळतो आणि खेळाडूला कळत नाही आपलं काय चुकलं. सपाट म्हणून केलेल्या लेनवर चेंडू नुसता ठेवून बघा, दोन-तीन ठिकाणी. आपसूक सरकला तर खाली पाचर मारा. कडा सगळ्या एकाच लाकडाच्या. एका बाजूला फळी आणि दुसऱ्या बाजूला फोम अशी कड असेल तर कोनाचा हिशेब कुणालाच करता येणार नाही. अडथळा जिथे ठेवाल तिथे त्याच्याभोवती रंगाने खूण करा. धक्का लागून हलला तर त्याच जागी परत बसला पाहिजे, नाहीतर सकाळी खेळलेला आणि दुपारी खेळलेला यांची लेनच वेगळी.

रोहन: मी आणि सुताराची हत्यारं असलेले दोघंतिघं मिळून करतो. शनिवारपासून लागू.

मेघना (क्रीडा समिती): पाऊस आला तर?

अनुजा: ओल्या कार्पेटवर चेंडूचा वेग पार बदलतो. खेळ थांबवायचा, लेन कोरड्या करायच्या, मग जिथे थांबलो तिथून पुढे. राउंड अर्धवट राहिला आणि पुढे खेळणं शक्यच नसेल, तर फक्त सगळ्यांचे पूर्ण झालेले राउंड धरायचे. हे आधीच लिहून लावा, त्या दिवशी वाद नको.

श्रीधरकाका: सरावाचं काय? लेन जिच्या दारासमोर ती विंग आठवडाभर खेळणार आणि बाकीचे थेट स्पर्धेला येणार.

अनुजा: काका, हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारलात. मोठ्या स्पर्धांत खेळाडू आधी येऊन त्याच कोर्सवर सराव करतात, प्रत्येक लेनसाठी चेंडू आणि रेषा वहीत टिपून ठेवतात. सराव हा खेळाचाच भाग आहे, पण वेळ सगळ्यांना सारखा हवा. आदल्या दोन दिवशी विंगप्रमाणे वेळ वाटून द्या, बाकी वेळ लेन झाकून ठेवा.

श्रीधरकाका: झाकून ठेवायची जबाबदारी माझी. कुलूपही लावतो.

निखिल: गुण कोण लिहिणार? आपलेच आपण?

अनुजा: नाही, गटातल्याने दुसऱ्याचे लिहायचे. लेन संपली की मोठ्याने आकडा म्हणायचा, ज्याचा आहे त्याने ‘बरोबर’ म्हटलं की कार्डावर. राउंड संपल्यावर दोघांच्या सह्या. सही झालेल्या कार्डावर नंतर वाद ऐकायचा नाही.

सुलभाकाकू: आणि बरोबरी झाली तर?

अनुजा: पहिल्या तीन जागांसाठी पहिल्या लेनपासून पुन्हा खेळायचं. ज्या लेनवर फरक पडेल तिथे निकाल. बाकीच्या जागा विभागून.

मेघना (क्रीडा समिती): समितीत आत्ताच बोलले. मिनीगोल्फ पदकांच्या यादीत घेतोय. सहा लेन, तीन फेऱ्यांचा एक राउंड, प्रत्येकाचे दोन राउंड आणि दोन्हींची बेरीज. सातचा नियम लागू. खुला एकच गट, शिवाय १४ खालच्यांसाठी एक पदक. अनुजा, तू तीन राउंड म्हणशील, पण दिवसात बसत नाहीत.

अनुजा: ताई, दोन राउंडमध्ये काकांचं नशीब थोडं जास्त शिल्लक राहतं. शेवटच्या सहा जणांचा तिसरा राउंड ठेवता येईल का? सहा जण म्हणजे दोनच गट. बॅडमिंटनच्या अंतिम सामन्याआधी सहज उरकेल आणि बघायला गर्दीही असेल.

मेघना (क्रीडा समिती): सहा जणांचा बसेल. चालेल, ठेवूया. दोन चेंडूंचं मात्र आधी करून बघायचं आहे. रोहनची पहिली लेन तयार झाली की दोन्ही चेंडू घेऊन ये, फरक जाणवला तर ठेवू, नाहीतर एकच.

रोहन: पहिली लेन रविवारी दुपारपर्यंत. मधल्या वाटेचं माप सांगा कुणीतरी, वॉकर आणि व्हीलचेअर दोन्हींचं.

सुलभाकाकू: वॉकर मी मोजून पाठवते. ह्यांचं नाव लिहून घ्या, मेघना. आणि माझंही.

श्रीधरकाका: माझं पण लिही.